रेघेखालची चूल

आमच्या गावाच्या इतिहासात एक रेघ खोटी आहे आणि ती मी ओढली आहे. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली, यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी. मी कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. नदी, तिचं खोरं, पूररेषा म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. ‘पूररेषा’ हा शब्द लिहिताना हमखास खडू मोडतो. मुलांना वाटतं सरांचा हात जड आहे. हात जड नाही, हे मला ठाऊक आहे.

उंबरपेठ म्हणजे मुरबाडहून धसईच्या बाजूला जाताना एस.टी. जिथे उगाचच बराच वेळ थांबते ते गाव. काळू नदी तीन बाजूंनी वळसा घालते, चौथ्या बाजूला टेकाड आहे आणि टेकाडावर शाळा. पूर आला की सगळं गाव शाळेत आणि शाळेला सुट्टी, त्यामुळे लहानपणी मला पूर ही देवाने खास मुलांसाठी केलेली सोय वाटायची. जुन्या काळी नाणेघाटातून उतरलेले बैलांचे तांडे कल्याणकडे जाताना आमच्या इथल्या उथळ उतारावरून नदी ओलांडत. पाणी चढलेलं असलं तर ते उतरेपर्यंत थांबत. त्यांच्यासाठी कोणा व्यापाऱ्याने उताराजवळ दगडी धर्मशाळा बांधली. आमचा इतिहास म्हणजे ही धर्मशाळा. बाकी सगळं भात.

या धर्मशाळेच्या नदीकडच्या भिंतीवर रेघा होत्या. मोठा पूर येऊन गेला की पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर गाळाचा ओला पट्टा राहतो. तो वाळायच्या किंवा पावसाने धुऊन जायच्या आत गावच्या जाणत्या माणसाने गेरूने त्यावर रेघ ओढायची, नारळ फोडायचा, आणि मग पाथरवटाने ती रेघ दगडात कोरायची, अशी रीत. आणि त्या रीतीच्या पोटात एक नियम: सगळ्यात वरच्या रेघेखाली गावात कोणी चूल मांडायची नाही. गोठा चालेल, गिरणी चालेल, बाजाराचे मांडव चालतील, चूल नाही. चूल विझली की घर मोडतं, असं आमच्याकडे मानत. सगळ्यात वरची रेघ माझ्या पणजोबांच्या काळातली होती, भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्याच्या बरोबर खाली. पेठेतली घरं तिच्या चांगली वर होती. नदीकाठाला, पण त्या रेघेच्या जेमतेम वर, एकच चूल होती. ती हौसाआत्याची.

हौसाआत्या कोणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती. तिचा बाप डोंगरातल्या वाडीवरून उतरून उताराजवळ राहिला, पावसाळ्यात लोकांना हाताला धरून नदी पार करून द्यायचा. त्याने धर्मशाळेची रेघ पाहून, दोरी लावून, तिच्यावर जोतं बांधलं आणि जोत्यावर कुडाची झोपडी. बाप गेल्यावर हौसाआत्याने तिथेच चहा, भजी आणि तांदळाची भाकरी विकायला सुरुवात केली. पलीकडच्या वाड्यांतून भाजीची पाटी घेऊन येणारी बाई नदीतून वर आली की पहिली तिच्या चुलीपाशी बसे, लुगडं पिळी, चहा पिई आणि मग बाजारात जाई. तिच्या झोपडीत सुकट भाजल्याचा वास असा असायचा की आमच्या घरी तुपातला शिरा केला असला तरी मी नदीवर जाण्याचं निमित्त शोधत असे.

आमचं घर पेठेच्या खालच्या टोकाला, आणि घराच्या खाली नदीच्या अंगाला बाबांची भाताची गिरणी. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे त्या गिरणीचा पट्टा, फटक-फटक, फटक-फटक. तो थांबला की आई दचकून विचारायची, “काय झालं गो?” जणू कोणाचा श्वास थांबलाय. आमच्या केसांत, वरणात, देवाच्या फोटोवर, सगळीकडे भुसा. मी अभ्यासात बरा होतो. फार नाही, पण पेठेत इतर मुलं इतकी कमी बरी होती की मी हुशार ठरलो होतो. इतिहास-भूगोलात मला गुण मिळत आणि त्यामुळे या दोन्ही विषयांची जबाबदारी देशाने माझ्यावर टाकली आहे असं मला वाटे. तिसरीच्या जिल्ह्याच्या पुस्तकात आमच्या नदीला अर्धी ओळ होती. उरलेल्या अर्ध्या ओळीत दुसरी नदी होती. हा अन्याय मी मनात धरून होतो. त्यात सुट्टीत शहापूरहून मामेभाऊ यायचा. त्यांच्या बाजूला तानसा. आमच्या ओट्यावर पाय हलवत तो म्हणायचा, “आमचं पाणी अख्खी मुंबई पिते. तुमचं कोण पितं रे?”

“म्हशी,” माझी आई आतून म्हणायची. ती माझ्या बाजूने बोलतेय की त्याच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बारावीला होतो त्या श्रावणात मोठा पूर आला. आम्ही सगळे दिवसभर शाळेत होतो. बाया वर्गांत, पुरुष व्हरांड्यात, शेळ्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. नदीचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलायचं म्हटलं की माणूस थोडं वाढवूनच बोलतो. संध्याकाळपर्यंत आमच्या गिरणीत पाणी गुडघ्याचं कंबरेला आणि कंबरेचं छातीला आलं होतं, तेही बाबा टेकाडावर बसून असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. आता रेघ ओढायची. हा मान पाटलांच्या घरातल्या नानांचा, पण नाना कल्याणला लेकीकडे अडकलेले, रस्ते बंद. माणसं गोठ्यांतला, मांडवांतला चिखल काढण्यात गुंतलेली. तेव्हा बाबा चारचौघांत म्हणाले, “आमचा अरुण ओढेल. इतिहासात त्याचा हात धरणारा नाय कोनी.” हे वाक्य इतकं खरं ठरेल असं त्यांना वाटलं नसावं. माझा हात धरायला खरंच कोणी नव्हतं.

गेरूची वाटी घेऊन मी खाली निघालो तर वाटेत हौसाआत्याच्या झोपडीतून धूर निघत होता. सगळ्या नदीकाठी चिखल, मेलेले खेकडे, कुजक्या भाताचा वास, आणि त्यात हा चुलीचा धूर. ती जोत्यावर बसून भाकरी थापत होती.

“ये रे अरुन,” ती म्हणाली. “उपाशीच निगालास ना? तुज्या आयशीला आज कुठला टाइम. बस. जोत्याला पानी लागून गेलं बग, वर नाय आलं. माजा बाप शाना. पीठ टोपलीत जमिनीवर ठेवून पळाली मी, आन तसंच्या तसं कोरडं.”

मी बसलो. तव्यावरची भाकरी तिने माझ्या हातावर टाकली, वर भाजलेल्या सुकटीची चटणी. मी ती खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. त्या कोरड्या पिठाच्या भाकरीची चव मला आजही जिभेवर आणता येते. सांगायचं एवढंच की पुढे जे झालं, त्यातला सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतः, चटणीला लावून, खाऊन टाकला होता.

धर्मशाळेपाशी गेलो. गाळाचा पट्टा स्पष्ट होता. पणजोबांच्या रेघेच्या खाली. थोडाथोडका नाही, वीतभर खाली. मी पाहत राहिलो. एवढा आवाज, एवढी पळापळ, मुख्याध्यापकांच्या खोलीत शेळ्या, आणि हा पूर पणजोबांच्या पुराहून लहान! माझ्या पिढीच्या वाट्याला आलेला एकुलता एक मोठा पूर आणि तोही दुय्यम. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुंभेरीची पोरं ओरडली. कुंभेरी हे आमच्या समोरचं गाव, त्यांचं आणि आमचं कशावरूनही वाजायचं.

“ए उंबरपेठ! तुमच्याकडं पानी आलंवतं का? आमचा मारुती बुडला! खांद्यापर्यंत!”

“आमचा कोनाडा बुडला!” मी ओरडलो.

“दाखव की!”

आणि मी दाखवला. वाटीत बोटं बुडवली, टाचा उंचावल्या आणि कोनाड्याच्या कमानीच्या वरून, एका दमात, लांबलचक रेघ ओढली. इतकी सरळ रेघ मी नंतर फळ्यावरही कधी ओढली नाही. दुपारी पाऊस आला आणि गाळाचा पट्टा धुऊन गेला. छपराच्या पन्हळीखाली असल्याने माझी रेघ तेवढी राहिली.

मला वाटलं होतं कोणीतरी हटकेल. कोणी हटकलं नाही. उलट, जो तो रेघ पाहून मान हलवायचा आणि म्हणायचा, “मी सांगत नव्हतो?” प्रत्येकाच्या मनातला पूर खऱ्या पुरापेक्षा मोठाच होता, त्यांना फक्त तो भिंतीवर हवा होता. बाबांनी तर त्या रेघेवरून गिरणीतलं पाणी छातीचं गळ्याला नेलं. आईने मात्र जेवायला वाढताना माझ्या गेरूने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. म्हणाली, “हात धू नीट.” मी धुतले. “नीट,” ती परत म्हणाली. नारळ फुटला, पाथरवट आला, रेघ कोरली गेली.

आणि मग कोणाला तरी तो नियम आठवला. नवी रेघ हौसाआत्याच्या जोत्याच्या वर गेली होती. तिची चूल आता रेघेखाली होती.

देवळात गाव बसलं. हौसाआत्या पिठाची टोपली घेऊन आली. पुरुषांसमोर ती टोपली ठेवून म्हणाली, “ह्ये बगा. जमिनीवर व्हतं. हात घालून बगा. ओलं हाय का कुठं? एवढं पानी नव्हतं आलं. रेग चुकली.”

“पीठ मागनं आनलं असशील गो,” कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. वाडीवरून आलेल्या एकट्या बाईला हसणं गावाला कधीच जड गेलेलं नाही. पेठेतल्या कोणा बाईने टोपली आणली असती तर निदान दोघांनी तरी हात घातला असता. पाटलांच्या नानांनी, जे आता परतले होते, हात वर केला आणि मला पुढे बोलावलं.

“अरुण, तू बघितलंस. गाळ कुठं होता?”

हौसाआत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत आपल्या पोराला सोपा प्रश्न आला की आया बघतात, तशी. मला फक्त ‘खाली’ एवढं म्हणायचं होतं. पण बाबा शेजारी ताठ बसले होते, नारळ फुटलेला होता, कुंभेरीपर्यंत बातमी गेलेली होती. मी म्हणालो, “रेघेवर.”

आठवड्याच्या आत तिची झोपडी उठली. वर एस.टी. थांब्याजवळ तिला जागा दिली गेली, म्हणजे गावाने आपण अन्याय करत नाही असं स्वतःला दाखवलं. पण नदीतून वर येणाऱ्या बायांची लुगडी थांब्यावर पोचेपर्यंत वाळायची आणि वर थांब्यावर आणखी दोघांच्या चहाच्या गाड्या होत्या. तेही एकवेळ निभलं असतं. खरं जे झालं ते वेगळंच. गावाला नवा शब्द मिळाला. कोणी थाप मारली की म्हणायचं, “झालं, हौसाचं कोरडं पीठ!” नवरा उशिरा आला की बायको म्हणे, “नका सांगू कोरडं पीठ.” माणूस जागेवरून उठतो, त्याचं नाव असं मागे राहतं. मी ते बोलणं कॉलेजात नेलं. माझ्या लग्नानंतर कल्याणच्या आमच्या घरात, साखर कोणी सांडली यावरून, मी ते माझ्या मुलीला म्हणालो आणि हसलो. ती म्हणाली, “म्हणजे काय, बाबा?” मी म्हणालो, “गावाकडची म्हण आहे.”

आई जिवंत होती तोवर दर सणाला थांब्यावर एक डबा पाठवायची. पुरणपोळी, वालाचं बिरडं, घावनं. “तिला कशाला?” मी एकदा विचारलं. “देणं आहे,” आई म्हणाली. कोणाचं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण उत्तर माझ्या बोटांना माहीत होतं.

पुढे नदीवर साकव झाला. गावात अजून सांगतात की तो इतका उंच झाला तो आमच्या रेघेमुळे. खरं खोटं देव जाणे, पण कुंभेरीच्या माणसाला आजही सायकल चढावर ढकलत आणावी लागते. तालुक्याच्या भूगोलात मी एवढी भर घातली. त्यानंतर काळूला मोठे पूर आले, एकही माझ्या रेघेला शिवला नाही. म्हणून गावाला ती देवाची रेघ वाटू लागली. नारळी पौर्णिमेला लोक तिथे हळदकुंकू वाहतात. माझी चोरी अशी डोळ्यांदेखत देव झालेली पाहण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

गेल्या वर्षी गावच्या तरुण सरपंचाचा फोन आला. धर्मशाळेच्या भिंतीला फरशी बसवली आहे, रेघेभोवती संगमरवर, इतिहासाचा फलक लावतोय, गावचे सुपुत्र म्हणून तुम्ही बोला. मी होकार दिला आणि रात्रंदिवस भाषण लिहीत बसलो. ते कबुलीजबाबाचं भाषण होतं. त्यात सत्य होतं, प्रायश्चित्त होतं, एक संस्कृत वचनही होतं. बायकोने वाचून विचारलं, “यात हौसाआत्या कुठे आहे?” तिसऱ्या पानावर होती.

नारळी पौर्णिमेला मी मंडपात उभा राहिलो आणि सांगितलं: ही रेघ खोटी आहे, पाणी कोनाड्याच्या खाली होतं, मी कुंभेरीला दाखवायला ती वर ओढली. मग कोणीतरी हसलं. मग सगळा मंडप हसला आणि टाळ्या वाजल्या. “सर लय विनोदी!” सरपंच माईकवर म्हणाला. “एवढे शिकले, पण स्वतःला कमी लेखतात बघा.” खाली उतरल्यावर मी त्याचा दंड धरून म्हटलं, “अरे, खरंच खोटी आहे ती.” तो मला समजावू लागला, “सर, आता फरशी बसली. हातभर खालीवर झालं तर काय होतंय? जाऊ द्या. नारळ घ्या.” मी नारळ घेतला. हा माझा स्वभाव.

तो नारळ काखेत धरून मी थांब्यावर गेलो. हौसाआत्या आता फार म्हातारी. गाडी तिच्या भाच्याची सून चालवते, पण तव्यासमोर आत्याच बसते. मला पाहून तिने स्टूल सरकवलं.

“झालं भासन?”

“आत्या, मी सांगितलं सगळं. रेघ खोटी आहे म्हणून. तुझं पीठ...”

“मग?”

“हसले.”

“हसनारच. माज्या बी टायमाला हसलेले.” तिने सराट्याने भाकरी उलटली. “मला काय सांगतस? मला तवापासून ठावं हाय. तू खाल्लीवतीस ना.”

“मग तू देवळात का नाही बोललीस? अरुणने माझ्याकडे भाकरी खाल्ली, एवढं म्हणाली असतीस तरी...”

“म्हननार व्हते.” ती तव्याकडेच पाहत होती. “पन तुज्या तोंडाकडं बगत बसले. म्हटलं, पोर आता बोलंल. मग म्हटलं, आता बोलंल. मग लोक उठले.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. भाषणातलं तिसरं पान आठवत होतं.

“आत्या, मला माफ—”

“थांब.” तिने सराटा वर केला. “माज्या भाच्याच्या नातवाला शाळंत कोरडं पीठ म्हनतात. त्याला ठावं पन नाय का म्हनतात ते. माफी माज्याकडं काय मागतस, मी का तुला चिडवते? जे हसले त्यांना सांग. पन मंडपात नको. तिथं तू मोठा मानूस. हितं सांग. स्टुलावर बसून.”

“हसतील.”

“हसू दे. मी बसलेच ना एवढी वरसं.”

मुरबाडची एस.टी. आली. पहिला उतरला तो माझ्याच वर्गातला दत्तू, आता केस पांढरे, हातात भोपळा. “अरे मास्तर! भाषण ऐकलं नाय, गाडी लेट. काय सांगितलंस?” त्याच्या मागून आणखी चारपाच जण चहाला टेकले, दोन कुंभेरीचे. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने एक भाकरी ताटलीत टाकली, वर सुकट, आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवली. ती गरम होती, पँटीतून चटका बसत होता.

“दत्तू,” मी म्हणालो, “पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या झोपडीत दोन भाकऱ्या खाल्ल्या. जमिनीवरच्या टोपलीतल्या पिठाच्या. पाणी जोत्यावर चढलंच नव्हतं. रेघ मी मुद्दाम वर ओढली आणि देवळात खोटं बोललो. हिची चूल माझ्यामुळे उठली.”

दत्तू हसला. “काय पन कोरडं पीठ...” म्हणाला आणि मध्येच थांबला. आत्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या ताटलीकडे. कुंभेरीच्या माणसाने बशीत ओतलेला चहा तसाच धरून ठेवला.

“कोरडंच होतं,” मी म्हणालो. “आत्या खरं बोलत होती. मी खोटा. चुकलो, आत्या.”

तेवढ्यात धसईची जीप येऊन थांबली आणि त्यातून माणसं उतरू लागली. आत्याने तव्यावर पुढची भाकरी टाकली आणि सराट्याने त्यांच्याकडे खूण केली. मी ताटली घेऊन उठलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.